शाळेत त्रास देतात म्हणून मुलगा घाबरून असतो, काउन्सेलिंगने फरक पडतो का?

माझा मुलगा नववीत आहे, वर्गातली काही मुलं त्याच्या तोतरेपणावरून चिडवतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे व्हॉइस मेसेज फिरवतात. आता सकाळ झाली की पोटात दुखतं, डॉक्टर म्हणाले पोटाचं काही नाही, टेन्शन आहे. घरचे म्हणतात मोठा झाला की होईल नीट. काउन्सेलरकडे नेऊ का?

काकू_नाशिक: नक्की न्या ताई, आणि पोटात दुखतं ते नाटक नाही हो, भीतीने खरंच दुखतं. माझ्या भाचीला काउन्सेलरने आधी सावकाश श्वास सोडायला शिकवलं, मग मनात काय विचार येतात ते वहीत लिहायला लावलं, म्हणजे 'सगळे मलाच हसतात' हे कितपत खरं आहे ते तिचं तिलाच तपासता आलं, आणि मग टाळलेल्या गोष्टी एकेक करून, आधी सोप्या मग अवघड. हळूहळू शाळेत जायला लागली.

शाळामास्तर: पण नुसतं मुलालाच बदलायला पाठवू नका प्लीज! त्रास चालूच राहिला तर काउन्सेलिंग तरी किती पुरणार. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या.

रेणू: तोतरेपणासाठी स्पीच थेरपिस्टलाही दाखवा. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जगावंसं वाटत नाही असं काही बोलला तर मात्र अजिबात थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे.