बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज

रेकॉर्डिंग इंजिनिअर म्हणजे नुसता बटणं फिरवणारा माणूस, असं काही जण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातले रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांचंच बघा.

कंट्री गायक मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं रेकॉर्डिंग स्नॉडी करत होते. गिटारवादक ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास (खालच्या सुरांची गिटार) वाजवत होते आणि मिक्सिंग कन्सोलमधला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातला, एक ट्रान्सफॉर्मर बिघडला. बासचा आवाज एकदम फाटला, भुंग्यासारखा घुंघुं करायला लागला. दुसऱ्या कुणी तो टेक, म्हणजे तेवढं रेकॉर्डिंग, पुसून टाकला असता. इथे तो तसाच ठेवला आणि 1961 मध्ये गाणं अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं!

मला खरं कौतुक वाटतं ते त्यानंतरच्या कामाचं. तो आवाज हवा म्हणून लोक विचारायला लागले, तर स्नॉडींनी ट्रान्झिस्टर वापरून तसाच आवाज देणारं सर्किट बनवलं आणि गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीकडे नेलं. 1962 मध्ये त्याचा माएस्ट्रो फझ-टोन पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचं यंत्र) बाजारात आला. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या 'सॅटिस्फॅक्शन' गाण्याची सुरुवातीची गिटार त्याच पेडलवरची.

पुढे 1967 मध्ये त्यांनी ईस्ट नॅशव्हिलमधल्या एका जुन्या थिएटरात वुडलँड स्टुडिओ काढला. तोही मोठा गाजला. 2018 मध्ये, 96 व्या वर्षी ते गेले.

'डोन्ट वरी' हेडफोन लावून ऐका. मधल्या सोलोत तो फाटका बास येतो.