मदत हवी आहे: फिरवायच्या गिअरशेजारी एर्गॉनची जीपी१ ग्रिप बसेल का?

मंडळी, रोज २४ किमी सायकल होते. अर्ध्या तासात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. सीट मागेपुढे करून झाली, हँडल उचललं, जेलचे हातमोजे घातले, फरक उन्नीस-बीस. आता जर्मनीतल्या कोब्लेंट्झच्या एर्गॉन कंपनीची पंखासारखी पसरट जीपी१ ग्रिप (हँडलची मूठ) घ्यावी म्हणतोय. मित्राकडची ओडीआय कंपनीची लॉक-ऑन (बोल्टने आवळायची) ग्रिप वापरून पाहिली. हलत नाही, पण शेवटी गोलच. तळव्याला टेकू मिळत नाही.

हँडल सरळ, २२.२ मिमीचं. उजवीकडे फिरवायचा गिअर (मूठ पिळून बदलायचा), त्यामुळे ग्रिपला जेमतेम ९ सेंमी जागा, डावीकडे १३. नेहमीची जोडी आतल्या बाजूने कापता येते का (बोल्टची कडी टोकाला असते), की एक आखूड-एक लांब अशी जोडीच मागवू? आणि पंखाचा कोन तुम्ही कसा ठरवलात?