स्वतःच पुस्तक काढताना लिहिण्याची गोडी कशी टिकवाल?

लेखनापासून विक्रीपर्यंत सगळं एकहाती सांभाळणाऱ्यांनी आपापल्या कामाच्या रीती मांडल्या आहेत.

*

संहिता पक्की होईपर्यंत पानांच्या मांडणीला हात लावू नका. पानं लावून झाल्यावर एखाद्या परिच्छेदात चार ओळी वाढल्या, की पुढचं सगळं सरकतं आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. पानसंख्या बदलली की कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीची, जाडीही बदलते. अ‍ॅमेझॉन केडीपीवर (स्वतःच पुस्तक काढून विकण्याची अ‍ॅमेझॉनची सेवा) क्रीम कागदासाठी दर पानाला ०.००२५ इंच धरतात, म्हणजे २०० पानांना अर्धा इंच. वीस पानं वाढली की मुखपृष्ठाची फाइल नव्याने करा! मग चांगलं वाक्य सुचलं तरी ‘राहू दे आता’ असं होतं. लिहिण्यातली मजा नेमकी तिथे मरते. साध्या युनिकोड फाइलीत (कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं नीट दिसतात अशा) तेच वाक्य दहादा फिरवता येतं.

*

याला जोडून. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेणार असाल, तर ते काम लेखनाच्या बैठकीत मुळीच नको. रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जागा सोडते, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ‘र्य’ शोधायला लावा आणि एकेक जागा डोळ्यांनी बघा. ‘सूर्य’, ‘कार्य’ बरोबरच असतात, म्हणून एका झटक्यात सगळीकडे बदल करू नका.

प्रुफं वाचतानाही एका फेरीत एकच गोष्ट. लयीसाठी मोठ्याने वाचा, ऱ्हस्व-दीर्घ वेगळ्या दिवशी तपासा, शीर्षकं आणि पृष्ठांक शेवटी. सगळं एकत्र तपासायला गेलं की स्वतःच्याच मजकुराचा वीट येतो.

*

विक्रीचे आकडे महिन्यातून एकदा बघा, वहीत उतरवा, पान बंद करा. केडीपीचं मानधन विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतं, रोज बघून ते लवकर येत नाही. शिवाय सकाळी आकडा कमी दिसला की दिवसभराचं लिखाण त्या आकड्याच्या तोंडाकडे बघत बघतच होतं.

*

मी मांडणीच्या बाजूने बोलेन. अक्षरं कागदावर कशी बसतात हे बघण्यातही निखळ आनंद आहे, तो सोडू नका. फक्त एकच प्रकरण नमुन्याला घ्या. देवनागरीला वर-खाली मात्रा आणि उकार असतात, त्यामुळे ११ पॉइंटच्या अक्षराला एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत १५-१६ पॉइंटांचं अंतर द्या. त्याहून कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. शिवणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा जास्त हवा, नाहीतर जाड पुस्तकात आतले शब्द घडीत जातात. हे पडद्यावर कळत नाही. एक प्रत छापून घ्या आणि मधलं पान उघडून बघा.

*

सगळं करून देणाऱ्यांकडे काम सोपवलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मांडणीची मूळ फाइल कोणाकडे राहणार, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) कोणाच्या नावावर, हक्क किती काळासाठी. फाइल हातात नसेल तर पुढच्या आवृत्तीत एक काना दुरुस्त करायलाही विनवण्या कराव्या लागतात.

*

पुस्तक बाजारात आलं त्याच आठवड्यात नवं काहीतरी सुरू करा, छापायचं नाही असं ठरवून. पत्रं, टिपणं, काहीही चालेल. त्याला शीर्षक देऊ नका आणि शब्दही मोजू नका.