भोंगा, डेसिबल आणि सहिष्णुता: रेघ कुठे मारायची?

राजवाडा_कट्टा
13 डिसेंबर 2023ला मध्य प्रदेशात नव्या सरकारचा पहिला आदेश निघाला तो धार्मिक स्थळांच्या भोंग्यांवर. इंदुरात तेव्हापासून घोळ तोच: दुसऱ्याच्या देवाचा आवाज ऐकून घेणं म्हणजेच सहिष्णुता का? माझ्या मते नाही. कलम 25 धर्मस्वातंत्र्य देतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहूनच. चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हेच सांगितलं.

रामबागकर
भिया, मग अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची मिरवणूक? त्या रात्रभर चालतात. त्यांच्यामागेही मीटर घेऊन फिरणार का? गाव म्हणजे काय इस्पितळ आहे?

ध्वनिमापक
फिरायलाच हवं. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद. राज्य सरकार सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस आणि तीही 12 पर्यंतच. गणपतीला 10 दिले की उरले 5, आणि नवरात्र 9 दिवसांचं! रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून 10 जास्त किंवा 75, यातलं जे कमी ते.

बिघडतं ते भोंगा बसवताना. कळसावर किंवा मिनारावर चढवलेल्या भोंग्याचं तोंड थेट समोरच्या खिडक्यांकडे असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो. म्हणून अंगणात खाली तोंड केलेले चार छोटे बॉक्स लावले की भाविकांना नीट ऐकू येतं, गल्लीला कमी.

सराफा_रात्र
मोजमाप समजलं, पण अजान काही मिनिटांची आणि डीजे चार तासांचा. मर्यादा सरासरीवर ठरते ना? मग फटका फक्त भोंग्यालाच का? सहिष्णुतेची रेघ एकाच बाजूला मारताय.

ध्वनिमापक
दिवसाच्या बाबतीत मुद्दा बिनतोड. दिवसा मर्यादेच्या 10 डेसिबल वर गेल्याशिवाय नियमाप्रमाणे तक्रारही होत नाही, तिथे डीजेच आधी अडकतो. पण रात्रीची बंदी सरासरी बघत नाही. पहाटेची अजान आणि काकड आरती दोन्ही सहाच्या आतच. सूट आहे ती बंदिस्त सभागृहाला, आतल्या आत ऐकू यावं एवढ्यापुरती.

रामबागकर
दारं लावून काकड आरती? देव उठेल, गल्ली नाही उठणार.

राजवाडा_कट्टा
गल्लीला उठवायचं कधी ठरलं होतं?