२५ मीटर पिस्तूल: एकाच मॅगझिनमधून चौथी गोळी अडकते, मदत हवी आहे

बावडेकरीण:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते, सराव दुधाळीच्या रेंजवर. (स्वप्नील कुसाळेचं २०२४ ला पॅरिसचं कांस्य आल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "तुझी पण तसलीच काय?" तसली नव्हे. ती ५० मीटर रायफल, तिथं एकेक गोळी हातानं भरतात. माझा इव्हेंट राही सरनोबतचा, तिनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं तो. इथं पाच गोळ्यांचं मॅगझिन, आणि रडगाणं त्याचंच आहे.)

पिस्तूल पॉइंट टू टू बोअरचं, सेमी ऑटो. मॅगझिनं तीन. त्यातल्या एकानं छळ मांडलाय. पहिल्या तीन गोळ्या सुरळीत, चौथीचं नाक खाली जातं आणि चेंबरच्या, म्हणजे गोळी उडायच्या आधी जिथं बसते त्या भोकाच्या, खालच्या कडेला धडकतं. गोळी आत ढकलणारा बोल्ट अर्धवट उघडा राहतो. काढलेल्या गोळीच्या शिशावर चकचकीत खाच दिसते, टोक थोडं चेपलेलं. सामन्याच्या पहिल्या, सावकाश नेमाच्या प्रिसिजन भागाला निदान वेळ असतो. दुसऱ्या, रॅपिड भागाला टार्गेट ३ सेकंद समोर आणि ७ सेकंद फिरलेलं. त्यात हे झालं की सगळी लय जाते.

बाकीच्या दोन मॅगझिनांत त्याच डब्यातल्या गोळ्या बिनतक्रार चालतात. कोच म्हणतात स्प्रिंग गेली. विक्रेता म्हणतो नवीन घ्या, पण ते बाहेरून येणार आणि कधी येणार ते त्यालाही सांगता येत नाही. स्पर्धा तोंडावर आहे. स्प्रिंगच असेल का? लिप्स, म्हणजे मॅगझिनच्या तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या कडा, वाकल्या असतील का? घरी बघण्यासारखं काही आहे का?

शंकासुर:
गोळ्या बदलून बघा ताई. पावसाळ्यात डबा उघडा राहिला असेल.

बावडेकरीण:
दादा, डबा तोच आहे हो. दुसऱ्या मॅगझिनात त्याच गोळ्या चालतात, वर लिहिलंय.

दहा पॉइंट नऊ:
ताई, पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही सुटले, दोष मॅगझिनचाच. आता मॅगझिनात कुठं ते बघू. पाचवी गोळी कशी जाते ते तुम्ही लिहिलं नाही. चौथी सोडवल्यावर पाचवी नीट जाते का?

बावडेकरीण:
जाते. हे मलाही विचित्र वाटलं होतं.

दहा पॉइंट नऊ:
मग माझा स्प्रिंगवरचा संशय कमी झाला. स्प्रिंग दमली असेल तर शेवटच्या गोळीला सर्वात जास्त त्रास होतो, कारण तेव्हा स्प्रिंग सर्वात सैल असते. गोळी वर यायच्या आत बोल्ट पुढं येतो. तुमची पाचवी जाते. लिप्स वाकल्या असत्या तर पाचांतली कुठलीही अडकली असती, नेमकी चौथीच का? म्हणजे मॅगझिनच्या बॉडीत, त्या पत्र्याच्या नळीत, ठरावीक उंचीवर काहीतरी अडतंय. गोळ्या वर ढकलणारा तो फॉलोअर तिथं जुन्या कपाटाच्या ड्रॉवरसारखा तिरका होत असेल. मग गोळीचं बूड वर आणि नाक खाली.

मॅगझिन रिकामं करा, पिस्तूल पेटीत ठेवून द्या, गोळ्या खोलीबाहेर. फॉलोअर पेन्सिलीनं हळूहळू खाली दाबा आणि तितक्याच हळू वर येऊ द्या. कुठं अडखळतो ते बोटाला कळतं. मग चांगल्या मॅगझिनची स्प्रिंग आणि फॉलोअर काढून या बॉडीत घाला. दोष बॉडीबरोबर राहिला तर बॉडी, स्प्रिंगबरोबर गेला तर स्प्रिंग. लिप्समधलं अंतरही पुढं आणि मागं व्हर्नियरनं मोजून चांगल्या मॅगझिनशी ताडून बघा. मोजायचं फक्त. पक्कड हातात घ्यायची नाही.

आणि आत बघा हो. या गोळ्यांच्या शिशाला बाहेरून वंगण असतं, ते आणि बारुदाची काजळी मिळून काळा थर बसतो. कोरड्या फडक्यानं पुसा. आत तेल सोडू नका, थर आणखी वाढतो.

शाहूपुरीकर:
एवढं कशाला? उद्यमनगरात लेथवाल्याकडं न्या, पाच मिनिटांत ठोकून सरळ करून देईल. नाद खुळा काम असतंय त्यांचं.

घोडा आणि चाप:
शाहूपुरीकर, काम चांगलं असेल, पण तिकडं न्यायचंच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रात धरतात. मॅगझिन लायसन्सवाल्या गन दुरुस्तीवाल्याकडं किंवा रेंजवरच्या आर्मररकडंच, म्हणजे तिथल्या शस्त्र दुरुस्तीवाल्याकडंच जाईल. शिवाय पातळ पत्र्याला हातोडी लागली की एक पोचा जातो आणि दोन येतात.

ताई, भरताना रिम, म्हणजे गोळीच्या बुडाची बाहेर आलेली कडा, बघता ना? वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढं बसली पाहिजे. मागं बसली तर खालची तिला धरून ठेवते. तुमची तक्रार तशी दिसत नाही, तरी डमी गोळ्या भरून एकदा बघून घ्या.

बावडेकरीण:
बघितलं सगळं. लिप्स तिन्ही मॅगझिनांच्या सारख्या. रिम ठीक. स्प्रिंगची अदलाबदल केली, रेंजवर चौथी परत तिथंच अडकली, म्हणजे बॉडी. पेन्सिल घातल्यावर एका जागी बारीक टिक होतं, आणि खिडकीशी तिरपं धरलं की डाव्या बाजूला बाहेरून न दिसणारा पोचा कळतो, नखाला जेमतेम लागतो. रेंजच्या सिमेंटवर मॅगझिनं पडतातच. कोचना दाखवलं, त्यांनी स्वतः पेन्सिल फिरवली आणि "बरं, स्प्रिंग नाही" एवढंच म्हणाले. आर्मरर आतून ठोकळा घालून पोचा काढून देतो म्हणालाय. स्पर्धेला ते वापरू का?

दहा पॉइंट नऊ:
नको. पाचच्या सिरीजला दोन मॅगझिनं भरपूर. दुरुस्त झालेलं सरावात वापरा, भरपूर गोळ्या न अडखळता गेल्या की मग विचार करा. त्यावर रंगाचा ठिपका मारा, नाहीतर घाईत तेच हाताला लागेल.

आणि सामन्यात कुठलंही अडकलं तर बोल्टला हात लावू नका. पिस्तूल टार्गेटच्या दिशेनंच धरा, मोकळा हात वर करा, रेंज ऑफिसरला बघू द्या. आपण बोल्ट ओढला की मालफंक्शनचा, म्हणजे पिस्तूल बिघडल्याचा, दावा गेला.

बावडेकरीण:
ठिपका मारला, आईच्या नेलपॉलिशचा. नवीन मॅगझिनची ऑर्डरही देऊन टाकली. पुण्या-मुंबईकडच्या कुणाचं बाहेरून मागवलेलं मॅगझिन अलीकडं आलं असेल तर किती दिवस लागले ते सांगा.