मदत हवी आहे: फुटबॉलमधल्या 'रिटेन' पद्धतीला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी आर्थर रोली या इंग्लिश फुटबॉलपटूवर लेख लिहितोय. बराचसा झालाय, पण एका शब्दापाशी गाडं अडलंय.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल (म्हणजे बहुतेक सगळेच) त्यांच्यासाठी: इंग्लिश लीगमध्ये सर्वांत जास्त गोल कुणाचे? ग्रीव्ह्ज नाही, शिअरर नाही. या रोलीचे. ६१९ सामन्यांत ४३४ गोल. जन्म १९२६ चा, वुल्व्हरहॅम्प्टनचा. वेस्ट ब्रॉमविचकडून ४, फुलहॅमकडून २७, लेस्टरकडून २५१ आणि श्रूजबरीकडून १५२. यातले बहुतेक गोल दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या श्रेणीत झाले, वरच्या श्रेणीत थोडे. इंग्लंडच्या मुख्य संघाकडून एकही सामना नाही. थोरला भाऊ जॅक मात्र मँचेस्टर युनायटेडचा आणि इंग्लंडचाही.

संपादकबाईंचा फोन आला, "खालच्या श्रेणीतला माणूस, वाचतंय कोण?" मी म्हटलं, गावच्या मैदानावर वीस वर्षं खेळणाऱ्याचं वाचायला आपल्याकडे माणसं आहेत, तुम्ही जागा तेवढी ठेवा.

१९५८ मध्ये तो श्रूजबरीला खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही खुर्च्यांवर बसला. पहिल्याच हंगामात त्याचे ३८ गोल आणि क्लबला चौथ्या श्रेणीतून तिसरीत बढती. १९६१ च्या एप्रिलमध्ये डिक्सी डीनचा लीगमधला ३७९ गोलांचा विक्रम मोडला. श्रूजबरीचं तेव्हाचं मैदान गे मेडो, सेव्हर्न नदीला अगदी खेटून. बॉल स्टँडवरून उडाला की थेट पाण्यात. तो काढायला फ्रेड डेव्हिस नावाचे गृहस्थ हंपीला असते तसल्या टोपलीवजा गोल होडीतून जायचे, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. या होडीवर मी दोन परिच्छेद खर्ची घातलेत, त्यांना कात्री लावणार नाही, आधीच सांगतो.

आता अडचण. त्या काळी क्लबने खेळाडूला किती पैसे द्यायचे याला वरची मर्यादा होती. १९५८ मध्ये हंगामात आठवड्याला २० पौंड, उन्हाळ्यात १७. गोल ४० करा नाहीतर ४, त्यावर दमडी नाही. मर्यादा उठली जानेवारी १९६१ मध्ये. हे मराठीत सांगणं सोपं आहे.

पण दुसरा भाग बघा. करार एक वर्षाचा. वर्ष संपलं की क्लब यादी काढणार: अमुक खेळाडू 'रिटेन', म्हणजे ठेवून घेतला. ज्याचं नाव त्या यादीत, त्याला करार संपला तरी लीगच्या दुसऱ्या क्लबात जाता येत नाही. नव्या अटी नाकारल्या तर क्लबने पगारही द्यायला नको! न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने १९६० मध्ये असाच नकार दिला, काही महिने बुचाच्या लाकडाचा माल विकून पोट भरलं, आणि शेवटी १९६३ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला.

मी लिहिलंय 'सालगडी'. बरोबर वाटतं का? वाक्य असं: "चाळीसच्या वर गोल करणारा रोलीसुद्धा क्लबचा सालगडीच होता." आणखी नेमका शब्द असेल तर सुचवा. आगाऊ धन्यवाद.

ढेकळातला: सालगडी चालणार नाही. आमच्याकडे परभणीत गड्याचं साल पाडव्याला सुटतं. मालक पटला तर पुन्हा तिथेच, नाही पटला तर दुसऱ्याच्या शेतावर. उचल फिटली नसेल तर अडकतो, तो भाग वेगळा. तुमच्या फुटबॉलवाल्याने उचल घेतलेली नव्हती, तरी पाडवा उलटून गेल्यावरही मालक सोडत नव्हता. गड्यापेक्षा वाईट.

आर्सेनल_ठाणे: वेठबिगार लिहा ना सरळ. आणि लेखात डेनिस कॉम्प्टन घ्या! १९४५ च्या रणजी फायनलला होळकर संघाकडून ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध नाबाद २४९, आणि फुटबॉल आर्सेनलकडून. भारताशी संबंध आपोआप जुळेल.

धागाकर्ता: ढेकळातला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाडव्याचा मुद्दा बिनतोड. ठाणेकर, वेठ म्हणजे फुकट राबणं, यांना पगार होता. कॉम्प्टन वरच्या श्रेणीतला, त्याला ओढूनताणून आणत नाही.

निवृत्त_बाई: बत्तीस वर्षं शाळेत काढली, म्हणून सुचलं. शाळा दाखला अडवून ठेवते ना, तसंच हे. मूल शाळेत येत नाही, फी भरत नाही, पण दाखला हातात नाही म्हणून दुसरी शाळा घेत नाही. खेळाडूची नोंदणी क्लबकडे, म्हणजे दाखला क्लबच्या कपाटात. 'दाखला अडवणे' म्हणा, कुणालाही समजेल.

ढेकळातला: +१. हे फिट्ट.

धागाकर्ता: बाई, मानलं! वाक्य बदललं: "करार संपला तरी दाखला क्लबच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली मॅनेजरकडे." आता नवीनच पंचाईत. श्रूजबरीत मॅनेजर रोली स्वतःच होता, म्हणजे बाकीच्यांच्या दाखल्यांची किल्ली त्याच्याच खिशात! यावर वेगळा परिच्छेद लिहावा लागणार, आणि संपादकबाईंची शब्दमर्यादा होडीनेच संपवलीय.