वक्तृत्व स्पर्धा : 'राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, चेहरा जिंकतो की काम?' उदाहरणं सुचवा

दापोलीची_आई
नमस्कार मंडळी. लेक बारावीला आहे, रत्नागिरीत स्पर्धा आहे, विषय वर लिहिलाय. वेळ फक्त ७ मिनिटं, म्हणून उदाहरणं दोनच हवीत, अमेरिकेची चालतील. उमेदवार लोकांना आवडणं मतांमध्ये कितपत उतरतं हे तिला मांडायचंय. कोणती घ्यावीत?

आंबेवाला_देवगड
ताई, डोळे मिटून केनेडी-निक्सन १९६०. मी कॉलेजात हेच बोललेलो, ढाल अजून शोकेसमध्ये आहे. २६ सप्टेंबर, शिकागो, पहिला टीव्ही डिबेट. निक्सन गुडघ्याच्या इन्फेक्शनमधून नुकताच उठलेला, वजन उतरलेलं, कॉलर सैल, नीट मेकअप नको म्हणाला आणि दाढीची खुंटं झाकायला नुसती पावडर लावली, मग लाइटखाली घाम. समोर केनेडी रापलेला, तजेलदार, थेट कॅमेऱ्यात बघून बोलतोय. शेवटी देशभरात फरक किती, तर १ लाख १३ हजार मतांच्या आसपास. शिवाय रेगन, क्लिंटन, ओबामा पण घ्या, एकही सोडू नका.

गुहागर_मास्तर
केनेडी नको. परीक्षक म्हणून बसतो ना, दरवर्षी हीच गोष्ट ऐकतो, आणि वर 'रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला असं वाटलं' हे ठोकून देतात. त्याचा आधार एकच सर्व्हे, त्यात रेडिओवाले तीनशेसुद्धा नव्हते, आणि ते मुळात कोणाच्या बाजूचे होते तेही कळत नाही. त्यापेक्षा रेगन १९८०. डिबेटमध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष कार्टर आरोग्यविम्यावर मुद्दा मांडतोय आणि हा हसत 'झालं यांचं परत सुरू' अशा अर्थाचं एक वाक्य टाकतो, संपलं. पण खरं वाक्य शेवटचं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आज बरं चाललंय का. महागाई १३ टक्क्यांवर आणि इराणच्या तेहरानमध्ये ५२ अमेरिकन माणसं ओलीस असताना हे विचारलंय. ४४ राज्यं जिंकला. नुसत्या हसण्यावर नाही जिंकत कोणी ४४ राज्यं.

अलिबागकर७
केनेडीच घ्या. टीव्हीवर देखणा दिसला म्हणून जिंकला, जगाला माहितीये.

मालवणी_झील
अमेरिका कित्याक व्हयी? आमचो राजापूर मतदारसंघ घ्या. बॅरिस्टर नाथ पै १९५७, ६२, ६७, तीनदा निवडून इले, त्यांच्या भाषणाक माणसां लांबलांबसून येयत असा माझो आजो सांगी. मगे मधु दंडवते, १९८४ च्या काँग्रेस लाटेतसुद्धा हयसून तेच इले. माणूस आवडलो म्हंजे आवडलो!

गुहागर_मास्तर
झीलभाऊ, दोघांबद्दल आदरच आहे, पण ती लोकसभा. विषय राष्ट्राध्यक्षाचा आहे. आणि दंडवते १९९१ ला पडलेसुद्धा, तेव्हा काय माणूस बदलला होता?

मालवणी_झील
मगे कलाम घ्या, २००२. त्यांच्याइतको लोकांका आवडलेलो कोण आसा?

चिपळूण_पुलाजवळ
राष्ट्रपतींना आपण कुठे मत देतो, आमदार-खासदार देतात. कलामांना भाजप आणि काँग्रेस दोघांचाही पाठिंबा होता, समोर डाव्यांकडून कॅप्टन लक्ष्मी सहगल, निकाल आधीच ठरल्यासारखा. लोकांचं प्रेम खरं, पण ते तिथे मोजलंच गेलं नाही.
ताई, एक कळकळीने सांगतो, उदाहरणं कमीच ठेवा. भाच्याने पाच घेतली होती, चौथ्यातच घंटा झाली, मार्क कापले, घरी येऊन जेवला नाही पोरगा.

रेवदंडा_किनारा
१९९२ कोणी सांगितलं नाही अजून. रिचमंडला डिबेट, सामान्य माणसं प्रश्न विचारतायत, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश मनगटावरचं घड्याळ बघताना कॅमेऱ्यात सापडले. एका बाईने विचारलं, देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली. बुश अडखळले. क्लिंटन उठून तिच्याजवळ गेला, तिच्याकडे बघत बोलला. तरी त्याला ४३ टक्केच मतं पडली, तिसरा, अपक्ष उमेदवार पेरो १९ टक्क्यांच्या जवळपास घेऊन गेला, आणि लोक मंदीने पिचलेले होते हे सांगायला विसरू नका.
अजून एक. २००५ मध्ये प्रिन्स्टनच्या अलेक्झांडर तोदोरोव यांचा अभ्यास आला होता, अनोळखी उमेदवारांचे फोटो क्षणभर दाखवून विचारलं, कर्तबगार कोण वाटतो. त्यावरून अमेरिकेच्या सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, जवळपास ७० टक्के निकाल बरोबर निघाले. लक्षात घ्या, कर्तबगार विचारलं होतं, आवडतो का नव्हे.

अलिबागकर७
म्हणजे चेहराच ना शेवटी. केनेडी घ्या.

दापोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, झीलदादा तुमचेही. लेकीने सगळं वाचलं. केनेडी नको म्हणाली, रेगनही नको. १९९२ चं घड्याळ घेतलंय, आणि दुसरं २०१६, जे इथे कोणीच सुचवलं नाही. तिचं म्हणणं, ट्रम्प आणि हिलरी दोघंही निम्म्याहून जास्त लोकांना नावडते होते, तरी एक जण निवडून आलाच. हिलरींना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि त्या हरल्या, कारण तिथे निकाल राज्यवार ठरतो; विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतले फरक मिळून ८० हजारांच्या आत. दोघंही नावडतात म्हणणाऱ्यांचा कल एक्झिट पोलमध्ये ट्रम्पकडे निघाला, त्यांना बदल हवा असावा असं तिला वाटतं. आवडणं कमी पडलं की लोक मत कशावर देतात, हाच तिचा मुद्दा आहे. मला पटलाय.

गुहागर_मास्तर
२०१६ धोक्याचं आहे, परीक्षकांची मतं असतात. पण मांडणी चांगली आहे. तीन राज्यांची नावं पाठ करून घ्या, अडखळायला नको.

आंबेवाला_देवगड
केनेडीशिवाय हा विषय अपुरा, मी अजूनही तेच सांगेन. लेकीला शुभेच्छा.